पाकिटाच्या पाठीवर

औषधाच्या पाकिटांमागे लिहितो मी.
कोरी बाजू, चार बोटं रुंद,
लांब ओळ तिथे बसतच नाही.
देमाण्णा मालक विचारतात, "काय लिवायलास रे? हिशेब?"
होय म्हणतो. अगदीच खोटं नाही ते :
काल सात शब्द खोडले, दोन उरले,
त्यातला एक आज शिळा निघाला.

महिनाभर एकाच ओळीशी अडलोय.
मलप्रभेच्या पुलावरून दिसतं :
घाटावर धुणं आपटणाऱ्या बाईचा
हात आधी खाली येतो, आवाज मागून.
एवढंच सांगायचंय.
'जणू' घातलं की बाई उठून जाते,
दगड तेवढा राहतो.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी,
पारिश्वाडच्या बसनं निंगव्वा आली.
काउंटर धरून म्हणाली, "उरी. भाळ उरी."
माझं कन्नड चिल्लर मोजण्यापुरतं.
भाळ म्हणजे फार, हे ठाऊक होतं;
उरी मात्र मी माझ्याच भाषेत ऐकलं
आणि माझा हात छातीशी गेला.
रिक्षा बोलवायला पोऱ्या पायरी उतरलाही.

तेवढ्यात ती खोड आडवी आली :
पहिला सुचलेला शब्द
जरा वेळ उन्हात ठेवून बघायचा.
थांबलो.
मागे तिघे उभे होते,
एकजण काचेवर नाणं वाजवत होता,
मालक चष्म्यावरून बघत होते.
तरी थांबलो.
"एल्ली, अव्वा?"

तिनं चप्पल काढली.
काउंटरआड मला न दिसणारा पाय
उचलून स्टुलावर ठेवला.
तळवा. भेगांतून तांबडी माती.
आग तिथे होती,
आणि मी केव्हापासून
छातीत शोधत होतो.

समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं तिला.
परतली ती साखरेची चिठ्ठी घेऊन.
तिला वाचता येत नाही, कुठल्याच लिपीत.
पाकिटावर सकाळचा सूर्य काढला,
खाली रात्रीचा चंद्र.
तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं,
म्हणाली, चंद्र फार बारीक झालाय.
माझ्या लिहिण्यात कुणी सुचवलेली
ही पहिली दुरुस्ती.
खोडला. मोठा काढून दिला.

पारिश्वाडची बस गेली.
घाटावर हात खाली आलाय.
आवाज यायचाय अजून.