मिनिटाला तीन

कसारा घाट चढताना ट्रेलरवरून ती सारखी मागे बघत होती,
असं ड्रायव्हर म्हणाला.
मी म्हटलं, बाबा, तू तिला उलटी बांधलीस.

सव्वीस फूट. केबिनमध्ये दोन बाकं, एक ओटा, एक बेसिन.
विकणारा अलिबागचा. कागदावर
त्यानं एवढंच लिहून दिलं : चालू स्थितीत.

गंगापूरच्या पाण्यात उतरवली त्याच रात्री
तळातला पंप आपला आपण सुरू झाला.
घर्र. थांबला.
वीस मिनिटांनी पुन्हा घर्र.
मी उशाशी घड्याळ घेऊन मोजत बसले,
जशी एकतीस वर्षं सातपूरला
टेस्टिंग बेंचवर रिले मोजत आले :
किती वेळानं, किती वेळ, कशामुळे.
पगार तिसऱ्या प्रश्नाचा होता.

समुद्रात सोपं असतं, लतीफ मणियार म्हणाला,
हा ट्रॅक्टरची इंजिनं खोलतो, समुद्र त्यानं ऐकलेला.
तळात साचलंय त्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं.
खारट, तर बाहेरचं. गोड, तर आपल्या टाकीचं.
आणि इथे?
टाकी मी घरच्या नळावर भरलेली,
नळाला पाणी याच धरणाचं.
जिभेला कोर्टात उभी केली तरी काय सांगणार ती.

तरी चाखलं.

खारट.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
समुद्र घाटाखाली, एका दिवसाच्या वाटेवर.
मग लतीफनं बाकाखालची फळी उचकटली.
फळ्यांच्या सांध्यात, स्क्रूच्या आट्यांत,
तारांच्या रबरी कातड्याखाली पांढरं पांढरं :
वीस वर्षांचं मीठ,
आमच्या पाण्यात आता सावकाश सुटत चाललेलं.

अर्थिंगची तार सोलली. आत तांबं नव्हतं,
हिरवी भुकटी होती, फुंकली तर उडाली.
मीटर लावला : बॅटरीपाशी साडेबारा, केबिनच्या दिव्यापाशी नऊ.
साडेतीन व्होल्ट वाटेतच कुठेतरी बसून राहिलेले,
निघाल्यासारखे करून न पोचणाऱ्या पाहुण्यांसारखे.
तार बदलली. दिवा लागला तो असा
की केबिनमधली धूळ मला पहिल्यांदा दिसली.

पण पंप, घर्र.

टाकीत शंभर ग्रॅम हळद टाकली, भद्रकालीतली, सुटी.
तळ पिवळा झाला तर टाकी चोर.
दोन दिवस बेसिनच्या नळाला पिवळी धार,
चहा हळदीचा, दात हळदीचे,
लतीफ म्हणे, ताई, लग्न कुणाचं?
तळ मात्र निवळ.

तिसऱ्या दिवशी पोटावर सरपटत, दातांत टॉर्च धरून
पार मागे पोचले, जिथे पंख्याचा दांडा
बोटीचं बूड भेदून बाहेर पाण्यात जातो.
तिथे धार. शिवणाच्या दोऱ्याएवढी, आवाज न करणारी.
पाना लावला. आवळलं, अजून आवळलं.
धार गेली. थेंब गेला.
मी तिथेच पडल्या पडल्या हसले.

लतीफनं इंजिन सुरू करून हात लावला आणि ओढून घेतला.
सोडा, सोडा, दांडा तापलाय!
कोरडा ठेवला तर आतली दोरी जळते.
त्याला पाणी पाजायला लागतं,
थोडं. चालताना. मोजून.
मी पाव आटा सैल केला. थेंब आला.
घड्याळ काढलं. पाच. किंचित आवळलं. चार.
आणखी केसभर.
तीन.

रखमाजी बेंडकुळे जाळं ओढत जवळून गेला,
डालड्याच्या चेपलेल्या डब्यानं होडीतलं पाणी उपसत.
सापडली का गळती?
सापडली.
बुजवली?
नाही. मिनिटाला तीन ठेवली.
त्यानं डबा उलटा केला, शेवटचं पाणी झटकलं.
मग नाव चालती म्हणायची, म्हणाला.

अलिबागच्या कागदावर मी तारीख घातली, खाली आकडा.
त्या रात्री पंप लागला की नाही, सांगता येत नाही,
मी मोजायला बसलेच नाही.
नळाला अजून पिवळं येतं.