परतीचा माल

रात्रपाळीला पडद्यांपुढे मी एकटीच.
काचेपलीकडे भट्टी:
आडवी, लांबलचक, सावकाश कूस बदलत राहणारी,
पोटात चौदाशे अंश.

वडील, ओड्डवार, तिच्या तोंडाशी अडतीस वर्षं उभे होते.
आई फ्योर्डच्या काठी दोरीवर चादरी टाकायची,
वारा फिरला की काढून पुन्हा धुवायची.
कुरकुर नाही. पगारही त्याच धुराड्यातून यायचा.

मग गाळण्या बसल्या, धूळ थांबली,
गावानं खिडक्यांना पांढरा रंग दिला.
जे दिसत नव्हतं ते जातच राहिलं वर.
त्याचा डाग कुठल्याच चादरीवर पडत नव्हता.

वडिलांच्या खिडकीत एक दगड आहे,
खाणीतून खिशात घालून आणलेला.
त्यात शिंपला, नखाएवढा, मिटलेला.
अख्खा डोंगरच असा:
कुठल्याशा जुन्या समुद्रातल्या जिवांनी
पाण्यातून कण कण वेचून
घराच्या भिंतीत कोंडलेला वायू.
आम्ही भिंती भाजतो, चुना ठेवून घेतो,
वायूला म्हणतो, जा बाबा.
कोळसा बदला, कचरा जाळा, वीज आणा,
दगड तापला की तो सोडणारच.
त्याच्या पोटातच आहे, तो तरी काय करणार.

आता धुराड्याशेजारी मनोरा उभा आहे.
वरून अमाईनचं पाणी झिरपतं, खालून धूर चढतो,
मधे कुठेतरी दोघांची गाठ पडते.
पुढच्या टाकीत उकळून काडीमोड.
वायू एकीकडे, पाणी पुन्हा वर,
पुन्हा बोहल्यावर.
एकदा गळती झाली, तेव्हा अंगाला असला वास
की बसमध्ये योरुन सरकून बसली:
"मासे साफ करायची नोकरी धरलीस का गं?"

दर चार दिवसांनी जहाज लागतं.
उणे सव्वीस अंशांवर, दाबाखाली,
वायू पाण्यासारखा निमूट.
कप्तान स्टाइनार उभ्याउभ्याच कॉफी संपवतो,
पावतीवर सही करतो.
इतका जपून नेलेला माल,
आणि पलीकडे गिऱ्हाईक कुणीच नाही.
फक्त एक नळी, समुद्राच्या तळाखाली
अडीच किलोमीटर,
ओल्या वाळूच्या खडकात.
समुद्राचं समुद्राला.

रविवारी वडिलांना दाखवायला आणलं.
हेल्मेट त्यांना आता ढिलं होतं.
नळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "सगळा धरता?"
"अर्धा."
"आणि बाकीचा?"
मी वर बोट केलं.
पांढरी वाफ, अगदी गरीब दिसणारी.
मान दुखेपर्यंत बघत राहिले.
मग म्हणाले, "आम्हाला निदान माहीत नव्हतं."
आणि लगेच, "चल, दुकान बंद व्हायच्या आत दूध घ्यायचंय."

गाडीत आम्ही दुधाबद्दलच बोललो.

आत्ता पहाटेचे तीन.
पडद्यावरचा आकडा पन्नासवर अडून बसलाय.
मी वाफेची झडप केसभर उघडते,
थांबते.
खाली भट्टी कूस बदलते.
एक्कावन्न.