वाचलेला थांबा

दर तिसऱ्या मंगळवारी, सव्वादोनला
अकराव्या थांब्यावर मी पुस्तकांची बस उभी करते.
इंजिन बंद करत नाही. उणे तीसमध्ये
ते पुन्हा माझं ऐकेल याची खात्री नसते.
मागे तीन हजार पुस्तकं, पट्ट्यांनी आवळलेली,
तरी वळणावर एखादी जाडजूड कादंबरी
स्वतःला खाली झोकून देतेच.

कोण काय वाचतं, मला पाठ आहे.
हेल्मीला खून लागतात, शक्यतो पहिल्याच पानावर.
तिचा नवरा विणकामाची दोन मासिकं नेतो
आणि तिच्यासाठीच आहेत म्हणून सांगतो.
रेनडियरवाला अस्लाक, फक्त जुने नकाशे.
इन्का मोबाइलवर वाचते,
कुणा अनोळखी मुलीची रोज एक प्रकरण येणारी
संपता न संपणारी गोष्ट.
बसमध्ये चढते ती चार्जिंगला.
तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

आणि ओइवा.
लाकडाच्या गिरणीतून निवृत्त, डाव्या हाताला साडेतीन बोटं.
दर खेपेला पाच पुस्तकं. कुठलीही पाच.
कविता, करकायदा, मधमाश्या, पोर्तुगालचा प्रवास,
एकदा तर बाळंतिणीचा आहार.
परत यायची तेव्हा पानं इतकी कोरी करकरीत
की मला वाटायचं, किती हळुवार हाताचा वाचक!
कसं होतं, विचारलं तर म्हणायचा, "जाड होतं."
आमच्या लॅपलँडात एवढं परीक्षण पुष्कळ झालं.

या शरदात नगरपालिकेनं टॅबलेट वाटले.
बस परवडत नाही, असं पत्रात होतं, अतिशय सभ्य भाषेत.
मी ते खोकं जरा आपटूनच ओइवाला दिलं,
वर हेडफोन, वर माझं नेहमीचं पालुपद,
की कागदाला वास असतो, बोटाला पान लागतं,
काचेवर काय आहे, बोटांचे ठसे.

तीन आठवड्यांनी आला तो पायरीवरच
बुटांचं बर्फ झटकत उभा राहिला, बर्फ संपलं तरी.
मग मधमाश्यांबद्दल बोलू लागला.
थंडीत त्या कशा राणीभोवती गोळा होतात,
नुसत्या थरथरून ऊब कशी तयार करतात,
आतल्या बाहेर, बाहेरच्या आत, पाळीपाळीनं.
सात वर्षांत एवढं बोलताना त्याला ऐकलं नव्हतं.
"ते तर तू दोनदा नेलं होतंस," मी म्हटलं.
"नेलं होतं," तो म्हणाला. "ऐकलं आत्ता."

शाळेत पहिल्या दिवसापासून अक्षरं त्याच्यापुढे
उकळत्या पाण्यातल्या बार्लीसारखी खालीवर व्हायची.
मास्तरांनी त्याचा नाद सोडला, त्यानं शाळा.
अक्षरशत्रू म्हणतात अशा माणसाला.
त्यानं तर कधी कुठल्या अक्षराचं वाकडं केलं नव्हतं.

मग ही पुस्तकं? सात वर्षं?
त्यानं दारावरच्या कागदाकडे बोट केलं, त्या अर्ध्या बोटानं.
मीच टाइप केलेला नियम. हेल्मीनं त्याला वाचून दाखवला होता.
खेपेला दहा पुस्तकं गेली नाहीत, तर थांबा रद्द.
हेल्मीची दोन. नवऱ्याची दोन. अस्लाकचा नकाशा एक.
उरलेली बेरीज मला करावी लागली नाही.

"पण तुला बस कशाला हवी होती?"
त्यानं मागे पाहिलं. सॉकेटजवळ इन्का,
मांडी घालून, चेहऱ्यावर मोबाइलचा निळा उजेड.
"डिसेंबरात इथे," तो म्हणाला,
"भर दुपारी दिवा लागलेलं दुसरं काही येत नाही."

मग हेडफोन गळ्यात तसाच ठेवून
त्यानं पाच पुस्तकं उचलली, न बघता.
मी नोंदी केल्या. दहा.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, थांबा क्रमांक अकरा, वाचला.
आणि गिअर टाकता टाकता विचारलं,
कसं होतं रे मधमाश्यांचं?

त्यानं जरा विचार केला.
"ऐकताना," म्हणाला, "एवढं जाड नाही वाटलं."