त्या रेड्याचं पुढं काय झालं

शिकलगारांच्या माडीवर
गल्लीतला पहिला टीव्ही आला तेव्हा
खाली पंक्चर काढणारा इलाहीमामा
वर येऊन आधी लुंगीला हात पुसायचा,
मग अँटेना वळवायचा पन्हाळ्याकडं.
पडद्यावर मुंग्या. मुंग्यांतून हळूहळू
एक शिंग, किंवा टोपीचं टोक.

कुठल्या देशाचं कार्टून होतं कुणास ठाऊक.
सात मिनिटांचं. भाषा कळायची नाही.
पोटावर बटणं न लागणारा एक पोलीस,
मामाची अस्मा म्हणाली, पाणघोडा आहे.
पण आम्ही गंगावेशीतली पोरं,
कट्ट्यावर कासेखाली पेला धरून वाढलेली.
पाणघोडा बघितलाय कुणी?
आम्ही ठरवून टाकलं: रेडा.

रेडा हवालदार चोर समजून
दिव्याच्या खांबाला बेड्या घालायचा,
किल्ली गटारात टाकून सलाम ठोकायचा.
कोंबड्यांची रांग पायावरून जाऊ द्यायचा,
शेवटचं पिल्लू मागं राहिलं म्हणून
अख्खा रस्ता अडवून धरायचा.
आणि खारीएवढा चोर
त्याच्याच टोपीत बसून वाट दाखवायचा,
डावीकडं, साहेब. अहो, डावीकडं.

माळकरांचा उद्या ओरडला,
"अगं, ह्यो तर तुझा बा!"

माझा बा, हवालदार हिंदुराव सासने,
पापाच्या तिकटीला उभा असायचा,
आणि संध्याकाळी रंकाळ्यावरनं म्हशी परतल्या
की मोटारी थांबवून
आधी त्यांना जाऊ द्यायचा.
गावाला माहीत होतं.
सगळे हसले.
मी सगळ्यांत मोठ्यानं हसले,
लागलंय हे कुणाला दिसू नये म्हणून.

तेवढ्यात बापू दारात.
ड्युटीवरून थेट, बूट हातात, मला न्यायला आलेले.
माडी गप्प.
पडद्यावर रेडा कारंज्यात पडला,
उठला, गाल फुगवून शिट्टी फुंकली,
शिट्टीतून निघाला एक बुडबुडा.
कुणी हसेना.

बापू म्हणाले, "आत गोळी असत्या, बारकी.
भिजली की फुगत्या, मग वाजत न्हाई.
गेल्या पावसात माझी आठ दिस मुकी हुती.
हातानंच थांबवलं गाव."

मामानं पाट सरकवला.
बापू बसले, बूट मांडीवर घेऊन,
जरा पुढं झुकून, ओळखीच्याकडं बघावं तसे.
रेडा निथळत खांबाकडं निघाला.
टोपी हलली.
आणि लाईट गेली.

ते कार्टून परत लागलं नाही.
आम्ही वर्षभर वाट बघितली,
मग मामानं रंगीत टीव्ही घेतला,
उद्या गेला इचलकरंजीला मागावर,
अस्माचं लग्न झालं मिरजेत.
फक्त बापू विचारत राहिले.
माझ्या हळदीत, हातात बुंदीची परात घेऊन,
मधेच थांबून:
"त्या रेड्याचं पुढं काय झालं गं?"

मी दर वेळी वेगळं सांगायचे.
बदली झाली, गडहिंग्लजला.
चौकशी लागली, खांबानं तक्रार केली.
ते मान हलवायचे, पटलं नाही तशी.

परवा रंकाळ्याच्या कठड्यावर
भेळेचा कागद चाचपत परत तेच.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला
समोरच्या म्हशी आता नीट दिसत होत्या.
मी म्हटलं, रिटायर झाला, बापू.

"आन् चोर?"
सापडला न्हाई. अजून टोपीतच हाय.

"केवढा हुता?"
खारीएवढा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
एक म्हैस पाण्यातून वर आली, दुसरी आली.
"मग ठावं असणार की त्येला," म्हणाले,
आणि डोक्यावर नसलेली टोपी
दोन्ही हातांनी सावरली, हळूच,
आत कुणी झोपलेलं असावं तशी.