भोक पाडण्याचे पैसे

गुंडेटी अंबय्या दुकानात आले तेव्हा
माझ्या टेबलावर पंपाचा स्टेटर उघडा पडला होता,
अर्धी वायर काढलेली.
त्यांनी तो कोपरानं बाजूला सारला
आणि मोराच्या जुन्या चादरीची गुंडाळी उलगडली.

आत बोट. टग.
मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते, ती.
हातभर लांब, एकास पन्नास, मापाला माप.
बूड भंगारात निघालेल्या मागाच्या सागवानाचं,
कठडा फणीच्या तारांचा,
धुराडं म्हणजे कापलेली कांडी, काळी रंगवलेली.
"अकरा वर्षं," म्हणाले.
"आणि समुद्र मी एकदाच बघितलो. विशाखापट्टणमला.
लग्नाला गेलतो. तेबी रिक्षातून."

मग आवाज उतरवून, दवाखान्यात विचारतात तसं,
"ही चालंल का बे?"

चालेल. पण डेक कापावा लागेल,
आत बॅटरी, रिसीव्हर, सुकाणूला सर्वो,
आणि मागून, तिरकं,
शाफ्टसाठी एक भोक.
"कुठं?"
मी बोट ठेवलं. लाल रेघेच्या खाली.
"पाण्यात बुडणाऱ्या जागी?"
हो.
ते बराच वेळ स्टेटरकडे बघत राहिले.

ड्रिल लावलं तेव्हा ते समोरच्या टपरीवर गेले.
तीन चहा प्यायले, पाठ माझ्याकडे.
भुसा निघाला बारीक, तपकिरी,
आणि त्याला वास आला तेलाचा.
माग बंद पडून वीस वर्षं झाली असतील,
लाकूड आत अजून ओशट होतं.
मी पितळी नळी बसवली, ग्रीस भरलं,
आणि भुसा का कोण जाणे
पुडीत बांधून ठेवला.

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं.
त्या वेळी रात्री अडीचला आलं.
हौद भरता भरता फोन केला,
पाच मिनिटांत अंबय्या बनियनवर हजर.
सोडली. डावीकडे कलली.
गाडीच्या चाकाला लावतात ते शिशाचे तुकडे
एकेक करून उजवीकडे टाकत गेलो,
सोळा, सतरा,
मागच्या बाजूला अजून तीन.
अकरा वर्षांपूर्वी अंदाजानं मारलेली लाल रेघ
पाण्याला टेकली,
एका कडेला फक्त सूतभर वर.
"एक सूत चालतंय," ते म्हणाले,
"कापडात चालत नव्हतं."

रविवारी कंबर तलाव. ऊन अजून कोवळं.
रिमोट पुढे केला, तर हात मागे बांधले:
"नको. तू चालव. मी बघतो."
सुताच्या गाठीवर नजर असल्यासारखे उभे.
बोट निघाली. मागे पाण्याची दोन टोकं फाकली,
कमळाच्या पानांना वळसा,
थोडी पुढे,
अजून थोडी, माझ्याच हौसेनं,
आणि जलपर्णीत पंखा गुंतला.
मोटर घूं घूं करून गप्प.

वारा नव्हता.
काठावर मासे धरत बसलेला मल्लिनाथ नावाचा पोरगा
काही न विचारता उठला,
गळ फेकला. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा कठड्यात अडकला,
आणि मासा ओढावा तशी
जहाजं ओढणारी ती बोट ओढत आणली.
फणीच्या दोन तारा वाकल्या.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
तर अंबय्या हसत होते,
खोकला लागेपर्यंत, गुडघ्यावर हात टेकून.

डेक उचलला. आत पाणी होतं,
दोनेक चमचे.
त्यांनी बोट तिरकी करून ते ओंजळीत घेतलं,
जरा बघितलं,
मग मिशीवरून ओला हात फिरवला.

तारा सरळ करू का विचारलं,
तर म्हणाले, राहू दे.

रात्री बिल लिहिलं:
मोटर एक. सर्वो एक. बॅटरी.
नळी, शाफ्ट, ग्रीस, शिसं.
भोक पाडणे,
या ओळीपुढचा रकाना रिकामा ठेवला.
ते वाचून अंबय्यांनी खिशातून पेन काढलं
आणि तिथं स्वतःच्या हातानं
पन्नास लिहिले.