कशावरून?

पुरस्काराची फाइल आली तेव्हा
मुचंडीसाहेब म्हणाले, तू बी.ए. झालीयस, तूच भर.
उद्यमबागेत, भट्टीच्या घरघरीत बसून
मी नव्वद पानं छान छान लिहिली:
आमचं नेतृत्व दूरदर्शी आहे.
ग्राहक आम्हाला देवाच्या जागी.
आमचे कामगार म्हणजे एक कुटुंब.
साहेबांनी वाचलं, मान डोलावली,
बिस्कीट चहातच विरघळून गेलं.

कोल्हापूरहून रेडेकर नावाचा सल्लागार आला.
लाल पेन नव्हतं त्याच्याकडे, बुटकी पेन्सिल होती.
प्रत्येक वाक्याखाली त्यानं एकच शब्द लिहिला:
कशावरून?

दूरदर्शी. कशावरून?
देवाच्या जागी. कशावरून?
कुटुंब. कशावरून?
परतताना हिंडलग्याच्या बसमध्ये
कंडक्टर म्हणाला, कुठं?
मला ऐकू आलं, कशावरून.
घरी सांगितलं जेवून आले, खरं जेवले नव्हते.

शेडमागं नापास कास्टिंगचा ढीग आहे.
पाहुणे यायचे त्या दिवशी त्याच्यावर ताडपत्री.
फाइलीत मीच लिहिलेलं, रिजेक्शन दोन टक्के.
इराप्पाला सोबत घेतलं, खडू घेतला,
दोन दिवस ढीग मोजला.
पंपांच्या बॉड्या, व्हॉल्व्हची टोपणं,
कातळासारखी दिसणारी, आत फोडांनी पोखरलेली.
एका पंपाच्या पोटात सरड्याचं बिऱ्हाड.
अकरा टक्के.

मग हीट नंबरावरून वार काढले.
कागदावर वारांचे खांब उभे केले,
तर गुरुवारचा खांब पानाबाहेर निघालेला.
इंजिनियर म्हणाले, धातूचं तापमान.
स्टोअरवाले म्हणाले, बेंटोनाइट भेसळीचं.
भट्टीवरचा भरमा म्हणाला, नजर.

कोर शॉपमधल्या नीलव्वाला
मी माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं.
तिनं पदरानं हात पुसले.
बुधवारी रात्री नळ येतो,
टाकी भरून वाहते,
पाणी मागच्या भिंतीनं वाळूच्या हौदात उतरतं.
गुरुवारी सकाळी वाळू ओली, साच्यात वाफ, लोखंडाला फोड.
एवढं साधं.
किती दिवसांपासून माहीत होतं?
चार वर्षं.
"गोत्तित्तु. यारू केळलिल्ला."
माहीत होतं. कुणी विचारलं नाही.

की, कुणी ऐकलं नाही?
तिच्या भाषेत विचारणं आणि ऐकणं
एकाच क्रियापदात राहतात.
फाइलीत त्यांचे दोन रकाने आहेत,
'मत कसे विचारता', 'मत कसे ऐकता',
प्रत्येकी वीस गुण.
मिटिंगच्या वहीत चार वर्षं तिचा अंगठा आहे,
ठराव सगळे मराठीत.
बाहेरच्या फलकावर कुठली भाषा वर
यावरून आम्ही गावभर भांडलो,
आत वाळूच्या हौदापाशी
कुठल्याच भाषेत बोललो नाही.

साहेब हौदाकडं बघत उभे राहिले बराच वेळ.
टाकीला फ्लोट बसवला, दोनशे चाळीस रुपये.
संध्याकाळी म्हणाले, आता फाइलीत काय लिहायचं?
मी 'दूरदर्शी' खोडलं. लिहिलं:
बुधवारी रात्री मालक स्वतः टाकी बघतात.
कशावरून?
वॉचमनच्या वहीत त्यांची सही आहे.
(दोन बुधवारची नाही. तेही लिहिलं.)

पुरस्कार मिळाला नाही.
हजारात तीनशे चाळीस.
सोबत अकरा पानं, काय काय राहिलं त्याची.
साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी ती पानं हजेरीच्या टेबलावर ठेवली,
कन्नड करून घे म्हणाले.

गुरुवारी नीलव्वा वाळूची मूठ आवळते, उघडते,
बोटांच्या खुणा उमटलेला गोळा मधोमध मोडते.
कड स्वच्छ तुटली तर मान हलवते,
मग भरमा भट्टीचं तोंड खाली करतो.

रिजेक्शन साडेचारवर आहे. दोनवर नाही.
ढीग भट्टीत गेला, थोडाथोडा.
ताडपत्री साहेबांनी म्हशींच्या गोठ्यावर घातली.
सरड्याचं काय झालं,
त्याला फाइलीत रकाना नाही.