भरते आहे

रजिस्टरात रकाना आहे: जखमेची स्थिती.
मी लिहिते, भरते आहे.
तीन आठवडे तेच, त्याच निळ्या पेनाने.

मी औशाकडची. आमच्याकडे भरती म्हणजे पोलिसातली,
मैदानात धावणारी पोरं, छातीचं माप.
बदली होऊन आचऱ्याच्या खाडीकाठी आले
आणि पहिल्याच ड्रेसिंगला सुभद्रा तांडेलला विचारलं,
"मावशी, भरली का?"
तिने पायाकडे पाहिलंच नाही.
खिडकीबाहेर बघून म्हणाली,
"अजून दोन तास आसत."

साखर दोनशे ऐंशी. कालवाच्या धारेने चिरलेली टाच.
मी बजावते, खपली धरू दे,
खाजली तरी नखाने काढायची नाही.
ती हसते. तिचं पोटच खपल्या काढण्यावर:
ओहोटीला कातळावर उकिडवं बसून
बोथट कोयतीने एकेक कालव उचकटायचं.
आत मऊ, ओलं, जिवंत.
खाली कातळाला पांढरा वण.

"कातळाक दुखत नाय?" एकदा मीच, मोडक्या मालवणीत.
"इतकी वर्सां झाली," ती म्हणाली,
"कोणी इचारूकच नाय."

शाळा भरते, जत्रा भरते, विजेचं बिल आपण भरतो,
बाईचे दिवस भरतात, माणसाचेही, वेगळ्या अर्थाने.
पण गळा भरून येतो.
जखमही भरून येते.
येते म्हणजे कुठून, हे व्याकरणाच्या बाईंनी सांगितलं नव्हतं.
ट्रेनिंगला सांगितलेलं: वरून मिटली तर फसवी,
जखम तळातून वर यायला हवी.
इथल्या चिखलात पाणीही तसंच,
आधी कुर्ल्यांच्या बिळांतून वर बुडबुडतं,
मग खाडी हलते.

चौथ्या सोमवारी ती आली नाही.
ओहोटी सकाळी दहाची होती, मला कळायला हवं होतं.
पेटी घेऊन कातळावर गेले.
पायाला दुधाची पिशवी, वर जाळ्याची दोरी करकचून.
रागवायचं ठरवून गेले होते.
दोरी सोडली, पट्टी सोडली. कडेला गुलाबी,
मधे दाणेदार लाल, नव्या कातडीची
कांद्याच्या पापुद्र्याएवढी एक रेघ.

"भरली गे?" तिने विचारलं.
मी टाच उजेडाकडे वळवून बघत होते.
माझ्या चपला ओल्या झाल्या होत्या.